खिंडीतली डावी वाट

थोरल्या साडूने काठी उचलली, धुक्यात डावीकडे रोखली आणि धाकट्याकडे न बघता म्हणाला, "ही."

खिंडीत वाटसरूंनी रचलेला दगडांचा एक ढीग होता आणि त्याच्या दोन्ही अंगांनी दोन वाटा फुटत होत्या. दोन्ही सारख्याच ओल्या, सारख्याच अरुंद, आणि दहा पावलांवर सारख्याच नाहीशा.

"नक्की?" धाकट्याने विचारलं.

"अकरा वर्षं येतोय."

"नाही, म्हणजे, तुम्ही सांगता तेव्हा उजवी असते."

"काय सांगतो?"

"खिंडीत दोन वाटा फुटतात, उजवी धरायची. मग दुभंगलेला खडक. मग झरा डाव्या हाताला ठेवून खाली, की तळं."

थोरल्याने टोपी काढली, झटकली, परत घातली. "ती परत येतानाची उजवी. जाताना डावीच होणार ना. जरा डोकं लावा, साडूबुवा."

ऐकायला ते बरोबर वाटलं. थोरला बोले ते सगळंच ऐकायला बरोबर वाटे. रेल्वेचं वेळापत्रक छापायला जाण्याआधी तपासण्यात त्याने चौतीस वर्षं काढली होती, आणि एखादी गाडी वेळेवर आली नाही तर ती चूक गाडीची, हे त्याचं ठाम मत होतं. निवृत्त झाला त्या वर्षी त्याने गळ घेतला, डोंगरावरच्या तळ्याचं नाव काढलं आणि चार दिवसांनी हातभर लांबीचा मासा घेऊन घरी आला. तेव्हापासून दर वर्षी चार दिवस, एक मासा, आणि मग वर्षभर गोष्ट.

धाकटा लिफ्टदुरुस्तीवाला. गोष्ट सुरू झाली की त्याची बायको त्याच्याकडे बघायची. "भाऊजी बघा, या वयात डोंगर चढतात. नाहीतर तुम्ही. दिवसभर खाली-वर, खाली-वर, आणि पोचत कुठेच नाही." अकरा वर्षांत हे इतक्यांदा झालं होतं की त्याला गोष्टीतला प्रत्येक दगड पाठ होता.

यंदा डॉक्टरांनी थोरल्याच्या छातीच्या तपासणीचा कागद हातात घेतला आणि तो जरा जास्तच वेळ बघितला. त्या संध्याकाळी ताईने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, धाकट्याला बोलावून घेतलं. दोघी बहिणी बंदरावर वाढलेल्या. वडील माशांच्या लिलावात वजनाच्या काट्यावर बसायचे. बोलणं दोघींचंही काट्यावरचं, पण धाकटी भरभरून टाकायची आणि ताई मोजून.

"यांच्याबरोबर जा," ती म्हणाली. "माणूस परत आणा. मासा काय, आणतीलच ते."

नवऱ्याला निघताना ती एवढंच म्हणाली, "आणाल तो ताजा बघून आणा. मागच्या वेळी डोळे बसले होते."

"लांबचा प्रवास असतो," थोरला म्हणाला होता.

डावी वाट आधी सपाट होती. मग ती तिरपी झाली, आणि मग तिने वाट असल्याचं सोंगही सोडून दिलं. पायाखाली पाटीसारखे पातळ दगड होते. पाय टाकला की ते सरकत आणि खाली कुठेतरी खळखळत जात. थोरला दर वीस पावलांनी थांबे. थांबला की काठी टेकवून आजूबाजूच्या धुक्याकडे ओळखीचं कुणी दिसतंय का अशा नजरेने पाही.

"श्वास लागतोय का?"

"देखावा बघतोय."

देखावा नव्हताच. हाताची बोटं तेवढी दिसत होती, आणि थोरल्याच्या हाताची बोटं काठीवर पांढरी पडली होती. धाकट्याने ती पाहिली. लिफ्टच्या खड्ड्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाची बोटं शिडीवर अशीच असतात. मुरलेल्या माणसाची नसतात.

"साडूभाऊ, दुभंगलेला खडक कधी येणार?"

"येईल."

"झऱ्याचा आवाजही नाही."

"यंदा पाणी कमी असेल," थोरला म्हणाला आणि पुढचं पाऊल टाकलं.

ते पाऊल खाली टेकलंच नाही. धाकट्याला आधी काठी दिसली, ती एकटीच पुढे गेली. मग थोरल्याची पाठपिशवी झपकन खाली आली आणि धाकट्याच्या हाताने, त्याला न विचारता, तिचा पट्टा पकडला. दोघे घसरत दोन हात गेले. धाकट्याची टाच एका खोबणीत अडकली आणि थांबली. थोरल्याचे दोन्ही पाय गुडघ्यापासून पुढे हवेत होते.

"हलू नका."

"नाही हलत."

"मी ओढतो. तुम्ही फक्त जड होऊ नका."

"ते कसं करायचं?" थोरल्याने अगदी खऱ्या कुतूहलाने विचारलं.

पाच मिनिटं लागली. मग दोघे खडकाला पाठ लावून बसले. थोरल्याचा हात शर्टाच्या खिशावर होता, आणि त्या खिशात डॉक्टरांनी दिलेली गोळी होती. त्याने ती जिभेखाली ठेवली. धाकटा त्याच्या ओठांच्या रंगाकडे बघत राहिला. ओठ हळूहळू ओठांसारखे दिसायला लागले.

धाकट्याने बाजूचा एक दगड उचलला आणि कडेवरून सोडला. कामाची सवय, खड्डा किती खोल हे टॉर्चपेक्षा कान बरं सांगतात. त्याने मनात आकडे मोजले. तिनाला खालून आवाज आला.

"चौदा मजले," तो म्हणाला.

थोरल्याने डोळे मिटले.

"पण दगडावर नाही पडला. पाण्यात पडला." त्याने आणखी एक सोडला. एक, दोन, तीन, डुबुक्. "तुमचं तळं खाली आहे, साडूभाऊ. आपण त्याच्या डोक्यावर बसलोय."

थोरल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला पुढचं ठाऊक नाही," तो म्हणाला.

"पुढचं म्हणजे?"

"खिंडीच्या पुढचं. पहिल्या वर्षी दगडांच्या ढिगापर्यंत आलो आणि पाय लटपटायला लागले. तसाच खाली उतरलो. पायथ्याच्या निवाऱ्याच्या खोलीत चार दिवस पत्ते खेळलो, तिथल्या रखवालदाराबरोबर. तळं त्याचं. म्हणजे, बघितलंय त्याने. वाट त्याने सांगितली."

"आणि नंतरची वर्षं?"

"पत्त्यांत हात बरा बसलाय आता."

धाकट्याच्या तोंडात अकरा वर्षांची उत्तरं एकदम आली. ती एका रांगेत उभी राहीनात.

"आणि मासा?"

"खाली बसस्टँडजवळ दुकान आहे."

धुक्यात कुठेतरी एक दगड आपणहून सुटला आणि खाली गेला. दोघांनीही मोजलं.

"चला," धाकटा उठत म्हणाला. "तुम्ही माझ्या मागे. मी ठेवतो तिथेच पाय ठेवायचा."

"तुम्हाला वाट कुठे माहीत आहे?"

"तुम्हीच सांगितलीय. अकरा वर्षं."

ज्याने सांगितली तो भीतीने विसरला होता. ज्याला नाइलाजाने ऐकावी लागली त्याला ती पाठ होती. ते सरपटत, बसत, खिंडीत परतले आणि उजवी वाट धरली. धाकटा पुढे राहून मोठ्याने गोष्ट सांगत चालला. दुभंगलेला खडक आला तेव्हा थोरल्याने त्याच्या फटीत हात घालून पाहिला. झरा आला, आणि तो डाव्या हातालाच होता. आपण छापायला दिलेल्या वेळेवर गाडी खरोखरच येताना बघावी, तसा थोरल्याचा चेहरा झाला होता.

तळं लहान होतं. काळं, गार, वाऱ्याशिवाय हललेलं नसावं असं. थोरला काठावर उभा राहिला आणि उभाच राहिला. गोष्टीत त्याने ते पुष्कळ मोठं केलं होतं.

मग त्याने गळाची काठी जोडली. पहिल्या फेकीत गळ त्याच्याच टोपीत अडकला, दुसऱ्या फेकीत धाकट्याच्या बाहीत. धाकट्याने निमूटपणे सोडवला आणि दहा पावलं लांब जाऊन बसला. दोन तासांनी दोरी हलली. वर आला तो मासा वीतभरसुद्धा नव्हता. अंगावर तपकिरी ठिपके, आणि तोंडावर आपली काहीतरी गफलत झाल्याचा भाव. थोरल्याला तो धरताच येईना. तो हातातून सुटला, गवतात उडाला, पुन्हा हातात आला, आणि या सगळ्यात थोरला एकदाच, अगदी हळू, हसला.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या दुकानदाराने त्याला लांबूनच ओळखलं.

"या काका! नेहमीचा बाजूला काढून ठेवलाय. आज पहाटेच बंदरावरून आला, बर्फ अजून तसाच आहे बघा."

फळीवर हातभर लांबीचा, रुपेरी, समुद्रातला मासा पडला होता. डोळे स्वच्छ होते. थोरल्याने मासा बघितला. मग खांद्यावरच्या डब्यावर हात ठेवला. मग धाकट्याकडे बघितलं.

"मी बसची चौकशी करून येतो," धाकटा म्हणाला.

चौकशीला काहीच नव्हतं, बस समोर उभी होती. तरी तो फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा थोरला खिडकीशी बसला होता आणि डबा मांडीवर होता. डब्याचं झाकण लागलेलं होतं. धाकट्याने विचारलं नाही. पाच तास तो त्या झाकणाकडे न बघण्याचं काम करत होता.

घरी दोघी बहिणी स्वयंपाकघरात होत्या. ताईने आधी नवऱ्याचे ओठ पाहिले, मग धाकट्याकडे बघून मान हलवली.

"आले बाई भाऊजी," धाकटी म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "बघा. शिका जरा काहीतरी."

धाकट्याने तोंड उघडलं. थोरला दाराशी खुर्चीवर वाकून बुटाची नाडी सोडत होता. ती सुटत नव्हती. धाकट्याने तोंड मिटलं आणि पाण्याचा पेला उचलला.

ताईने डबा उघडला.

आत ओल्या फडक्यात वीतभर नसलेला ठिपक्यांचा मासा होता. ताईने तो तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला, बोटाने त्याचे ठिपके चाचपले. कढई तापत होती. तिने हात लांब करून गॅस बंद केला.

"अगंबाई, एवढासाच?" धाकटी म्हणाली.

"हा कसा करतात मला नाही माहीत," ताई म्हणाली. "असला मासा मी कधी केलेला नाही."

नाडीवरचे हात थांबले. धाकट्याच्या हातातला पेला ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिला.

ताईने मासा ताटात ठेवला, हात धुतले, पदराला पुसले आणि नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली. इतक्या वर्षांत ती गोष्ट ऐकायला कधी बसली नव्हती; त्या वेळी तिला नेमकं काहीतरी ढवळायचं असे.

"हं," ती म्हणाली. "सांगा."

थोरल्याने एक पाय बुटात आणि एक बाहेर अशा अवस्थेत घसा खाकरला.

"खिंडीत दोन वाटा फुटतात," तो म्हणाला, आणि थांबला. "मी डावी धरली."