ठोकळा हातातच होता

"पुन्हा लावा," चौकशी अधिकारी बाई म्हणाल्या.

टेप पुन्हा सुरू झाली. नियंत्रण मनोऱ्यातून उड्डाणाची परवानगी देणारा मास्तरांचा आवाज आला, शांत आणि खात्रीचा. मागोमाग वैमानिक मुलीनं ती परवानगी जशीच्या तशी परत म्हटली. मग थोडी खरखर, आणि एकदम कानठळ्या बसवणारी शिट्टी.

"ही शिट्टी कसली?"

"दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की अशी वाजते," मास्तर म्हणाले. "दोघंही बोलतात, पण एकमेकांचं ऐकू येत नाही. मी 'थांबा' म्हणत होतो."

"आणि मी 'थांबतेय'," मुलगी म्हणाली.

"मग आधी कोण?"



सकाळी धावपट्टीवर मेलेला पक्षी पडला होता. तो उचलायला जीपवाल्यानं परवानगी मागितली, ती मास्तरांनी दिली. पट्टीवर गाडी गेली की टेबलावर लाल ठोकळा ठेवायचा आणि ज्यानं ठेवला त्यानंच तो उचलायचा, हा मनोऱ्यातला रिवाज. टेबलावर ठेवायला मास्तरांनी ठोकळा हातात घेतलाही. तेवढ्यात फोन वाजला. एका हातात फोन, दुसऱ्या मुठीत ठोकळा. विमानानं परवानगी मागितली तेव्हा त्यांनी सवयीनं टेबलाकडे पाहिलं. टेबल मोकळं होतं.

"जीपला दिलेली परवानगी माझ्याही कानावर पडली होती," मुलगी म्हणाली. "मी मात्र खाली बघून उड्डाणाआधीची यादी वाचत बसले. पट्टीकडे बघायचं काम माझंही होतं."

जीपवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय माहीत, बाई? मी वाकलो होतो. वर बघितलं तर विमान उभं. विमानं उभी असतातच की!"

बाईंना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "मास्तर, सरळ विचारते. जीप तुम्हाला स्वतःहून दिसली असेल, तर तुम्ही खुर्चीवर परत बसाल. विमान हलत नाही हे बघून दिसली असेल, तर मला तुम्हाला बसवता येणार नाही. चहा घेऊन या आणि सांगा."

बाहेर व्हरांड्यात मुलगी जवळ आली. "काका, तुम्हीच आधी थांबवलंत असं सांगा. मी हो म्हणेन."

"आणि तुझं काय?"

"मला ताकीद मिळेल. तुमची तर खुर्चीच जाईल."

मास्तरांच्या जिभेवर 'बरं' आलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. "तुला खरंच काय वाटतं? आधी कोण?"

"मला तर वाटतं, तुम्हीच थांबवलंत. पण बटण मी दाबलेलं, म्हणजे तुमचा आवाज मला ऐकू येणं शक्यच नाही. मग मी थांबले कशानं? काका, सकाळपासून डोकं चालत नाही."

"माझंही."

आत गेल्यावर मास्तर उभेच राहिले. "विमान हललं नाही म्हणून मी बघितलं, की मी बघितलं तेव्हा ते हललं नव्हतं, हे मला सांगता येत नाही. सांगितलं तर ते खोटं होईल."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "बसा, मास्तर." पण कुठल्या खुर्चीवर ते आता बसणार नाहीत, हे खोलीत सगळ्यांना कळलं होतं.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "थांबलं ना विमान?"

"थांबलं."

"मग कुणी थांबवलं याच्याशी काय करायचंय?"

"तेच तर कळत नाही गं. तिनं थांबवलं असेल तर मी चुकलो. मी थांबवलं असेल तरी मी चुकलोच होतो. आणि दोघंही चुकलो, तर मग वाचवलं कुणी?"

"आधी कोट काढा."

कोट काढताना खिशात काहीतरी टणक लागलं. सकाळी खुर्चीवरून उठवलं तेव्हा मुठीतला ठोकळा कधी खिशात गेला, त्यांचं त्यांनाच आठवेना. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि समोर बसून राहिले.

"हे काय?"

"पट्टीवर गाडी आहे."

बायकोनं एकदा ठोकळ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. तिनं ताटं आणली, भात आणला, पाण्याचे पेले आणले. सगळं त्या ठोकळ्याला वळसा घालून मांडलं. त्याला मात्र हात लावला नाही.