परातीतलं फडकं

नयनाने खाली घरमालकांकडे सकाळच्या पूजेच्या प्रसादाची वाटी खिडकीत ठेवली आणि त्यांच्या आईच्या, अम्मांच्या खाटेवरची रजई सारखी करायला घेतली. पायथ्याशी घसरलेल्या रजईच्या टोकाखाली काहीतरी टणक लागलं. रजई सारली, तर परात होती. तळाशी घडी घातलेलं फडकं, पाणी पिऊन फुगलेलं. तिने वर पाहिलं. छताचे पोपडे सुटले होते. त्यांतून एक थेंब परातीत पडला, पण आवाज झाला नाही.

उरलेल्या अर्ध्या खाटेवर अम्मा पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. लखनौचा जानेवारी, त्यात ही ओल.

"अम्मा, ये कब से?"

"दिवाली से." त्या खोकल्या. "कपड़ा रख दिया है, गजेंद्र को टपकना सुनाई नहीं देता. तुम भी मत कहना, बहू."

"पर ये तो हमारे गुसलखाने का पानी है. आपको ठंड लग जाएगी."

"लग तो गई." अम्मा हसल्या. "फर्श खुदेगा तो वो तुम लोगों को रखेगा थोड़े ही. फिर इतवार को हमें कौन सुनाएगा? बोली तो आधी समझ में नहीं आती, मगर जी लगा रहता है."

नयनाने फडकं मोरीत पिळलं आणि पुन्हा परातीत ठेवलं. ठेवताना तिला स्वतःच्याच हाताची लाज वाटली.

पावसाळ्यातच घरमालक गजेंद्र श्रीवास्तवांनी तिच्या सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं. तोटी गळली तर भाडेकरूची, पाइप गळला तर मालकाचा. "मगर पाइप फर्श के नीचे है, बाबूजी. खोदूँगा तो मकान खाली कराके. फिर छोटे भाई को दूँगा." नयनाच्या मुलीची, पूर्वाची दहावीची परीक्षा आता दोन महिन्यांवर आली होती.

वर सासरे, अण्णा, चिपळ्या पुसत बसले होते. दर रविवारी दुपारी अण्णा कीर्तन करायचे. श्रोते घरातले तिघे, आणि खाली एक, अम्मा.

"अण्णा, अम्मांच्या खाटेवर पाणी गळतंय. दिवाळीपासून."

 अण्णांची नजर न्हाणीघराबाहेरच्या भिंतीकडे गेली. तिथे दत्ताचं कॅलेंडर होतं, गेल्या वर्षीचं. नवीन लावू म्हटलं की अण्णा म्हणायचे, राहू दे, देव काय जुना होतो?

नयनाने जाऊन कॅलेंडरची कड उचलली. मागची भिंत हिरवट काळी पडली होती.

"श्रावणात लावलं," अण्णा म्हणाले. "वाटलं, पूर्वाची परीक्षा होईपर्यंत निभेल." मग हळूच, "झाकायला दुसरं काही सापडलं नाही बघ मला."

 नयना जाऊन निरांजनात वात ठेवू लागली.

ठरल्या वेळी अण्णा उभे राहिले. राज्य सोडून निघालेल्या राजाचं आख्यान होतं. आवाज नेहमीसारखाच लागला, पण राजा वेशीपाशी पोचला आणि अण्णांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"अण्णा, आरती?" नयनाच्या नवऱ्याने, सुबोधने विचारलं. वडिलांचं कीर्तन आरतीवाचून संपलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

 खिळ्यावरून कॅलेंडर काढून अण्णांनी गुंडाळी केली, काखेत धरली आणि एकेक पायरी उतरू लागले.

खाली अंगणात गजेंद्र स्कूटर पुसत होते.

"आइए बाबूजी. आज जल्दी निपट गए?"

"गजेंद्रजी, एक बात छिपाई थी आपसे."

वर निरांजन तसंच होतं, तूप थिजलेलं. नयनाच्या हातात काडेपेटी होती. इतक्यात खालच्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या, आरतीच्या ठेक्यातल्या, बारीक. गाणं नव्हतं, नुसत्या टाळ्या. मधेच खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.