वरातीचा बार

कादर शेखच्या बंदुकीचा आमच्या अख्ख्या गावाला अभिमान. मिरजगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथं परवान्याची बंदूक एकच, तीही एकनळी, रानडुकरांपासून पीक राखायला मिळालेली. निवडणूक लागली की परवानेवाल्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. कादर घोंगडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन निघाला, की आम्ही समजायचो, आचारसंहिता लागली. पेपर नंतर यायचा.

घरात बंदूक कायम रिकामी. काडतुसं दुसऱ्या खोलीत, पेटीत, आणि पेटीची किल्ली कादरच्या कमरेला. पाव्हणे 'दाखव की' म्हणून मागं लागले तरी दाखवायचा नाही. डुकरं आली तर रानात एक बार काढायचा, बस्स. माणसानं हत्यार ठेवावं तर असं.

हे सगळं माहीत असून मी गाढवपणा केला. थोरल्या लेकाचं, हर्षलचं लग्न ठरलं, तेव्हा जामखेडच्या व्याह्यांपुढं छाती फुगवून बोललो, "आमच्यात वरात बंदुकीच्या बारावर निघती." माझ्या लग्नात कादरच्या वडिलांनी बार काढला होता, हे खरं. पण तेव्हा गावात एकही गच्ची नव्हती.

कादरला सांगितलं तर तो नुसता म्हणाला, "बगू."

आणि हळदीच्या दिवशी मांडवात येऊन सांगतो, "भिमाजी, बंदूक ठाण्यात जमा हाय."

"निवडनूक कुटं हाय रं आता?"

"जमा हाय," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, थाप मारतोय. चाळीस वर्षांची दोस्ती आणि ऐन वेळी यानं मला मान खाली घालायला लावली! "मग वरातीला बी येऊ नगंस," मी चारचौघांत तोडून टाकलं. तरी तो आला. हर्षलला फेटा त्यानंच बांधला, घोड्याचा लगाम धरून पुढं चालला. मी त्याच्याशी अवाक्षर बोललो नाही. फटाक्यांच्या माळेवर भागवलं तेव्हा व्याही गालातल्या गालात हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी बायकोनं ढकललं म्हणून पूजेचा प्रसाद घेऊन कादरच्या वस्तीवर गेलो आणि बांधावरच थांबलो. कणसाला आलेला दीड एकर मका आडवा झाला होता. त्याची बायको, हमिदाभाभी, मोडलेली ताटं गोळा करत होती.

"डुकरं शिरली, तर बार न्हाई काढला?"

"कशानं काढायचा, भावजी? बंदूक आठ दिस झालं ठाण्यात हाय. ह्यांनी सोताच नेऊन दिली. तितले सायेब म्हनले, निवडनूक न्हाई, काय न्हाई, कशाला ठिवतो? हे म्हनले, दोस्ताच्या घरी लगीन हाय, ठिवून घ्या."

प्रसादाची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. डोळ्यांपुढं वरात आली. दोन्हीकडच्या गच्च्या, पत्रे बायकापोरांनी भरलेले. त्यात बार कुठं काढला असता? मला माझीच लाज वाटली, आणि कादरचा अभिमान वाटला.

कादर पिकाला पाणी देऊन आला. मला बघून म्हणाला, "चा घेऊ, मग बोल." मक्याचं नावही काढलं नाही.

दुपारी आम्ही दोघं ठाण्यात जाऊन बंदूक सोडवली. मोटारसायकलपाशी आल्यावर मी हात पुढं केला, "आन हिकडं, मी धरतो."

"परवाना माज्या नावावर हाय. तू गाडी चालव."

मी चालवली, मागं नवी नवरी बसल्यासारखी हळू.

फाट्यावर वळताना म्हणालो, "पुढच्या साली माज्या निकिताचं लगीन. तवा बंदूक जमा करू नगं. मी मागनार न्हाई."

"आन मागितलीस तर?"

"तर न्हाई म्हन."



"तेवढंच तर तुला म्हनायला मला जमत न्हाई," कादर म्हणाला.