धम्मदीना मॅडमचं अर्धं वाक्य

मित्रांनो, मी इंदूरचा एक माइक आहे. वय झालं आता माझं. जाळीला एका बाजूनं पोचा पडला आहे आणि माणसांच्या हाताच्या घामानं माझा काळा रंग ठिकठिकाणी उडाला आहे. आवाज मात्र मी अजून स्वच्छ देतो. एखाद्या लग्नात किंवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुम्ही मला पाहिलं असेल आणि ओळखलं नसेल. ते बरंच झालं. एके काळी अर्ध्या शहराच्या टीव्हीवर मी रोज संध्याकाळी दिसायचो. त्या दिवसांबद्दलच मला बोलायचं आहे, आणि बोलताना मला मान वर करवत नाही.

दिल्लीजवळच्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि इंदूरच्या जेल रोडवरच्या एका दुकानात काचेच्या कपाटात येऊन बसलो. तिथून मला जयेशनं विकत घेतलं. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत त्याचं घर होतं. आजोबा रेल्वेत कारकून म्हणून महाराष्ट्रातून आले आणि मग ते कुटुंब इथलंच झालं. जयेश नुकताच एका स्थानिक बातमी वाहिनीत लागला होता. वाहिनीचे माइक सदा बिघडलेले, म्हणून त्यानं स्वतःचा घेतला. त्या दसऱ्याला त्याच्या आईनं, उषाताईंनी, देवासमोर पाटावर ठेवून मला हळदकुंकू वाहिलं. घरात आलेल्या कुठल्याही हत्याराला वाहायच्या तसंच. मीही एक हत्यार आहे, हे मला तेव्हा कळलं नाही.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. एका वस्तीत रस्ता खोदून तसाच सोडला होता आणि एक म्हातारी त्यात पडून पाय मोडून बसली होती. जयेशनं मला तिच्या खाटेपाशी नेलं. ती रडली नाही, नुसतं काय झालं ते सांगत गेली. बातमी लागली आणि आठवड्याच्या आत रस्त्यातला खड्डा बुजवला गेला. त्यानंतर आम्ही त्या बाजूला गेलो की बायका आम्हाला पोहे खाल्ल्याशिवाय सोडत नसत. कॅमेरा धरणारा मनीष म्हणायचा, लोक आपल्याला नाही, माइकला ओळखतात. मी फुगून जात असे.

मग वाहिनीचे मालक उदयसिंह यांनी जयेशला संध्याकाळचा कार्यक्रम दिला. चौकात त्याचा फोटो लागला आणि त्याच्या हातात मी होतो. माझ्या गळ्यात वाहिनीच्या नावाचा नारिंगी चौकोनी ठोकळा होता. ते नाव तुम्हाला सांगत नाही. सांगायची लाज वाटते.

त्याच वर्षी पंचायतीच्या निवडणुका आल्या. इंदूरजवळच्या हातोदच्या पुढे सेमलीखेडा नावाचं एक गाव आहे. तिथं सरपंचपदाला दोघं उभे होते. एक रघुवीर, उदयसिंहांचा मेहुणा. दुसऱ्या कांताबाई. त्या गावात पिठाची चक्की चालवायच्या आणि स्वतः फारसं बोलायच्या नाहीत. गावातल्या शाळेत मतदान झालं. आमच्याकडे सरपंचाचं मत कागदाच्या मतपत्रिकेवर देतात आणि मतदान संपलं की त्याच खोलीत मोजणी होते. खोलीचा सगळा कारभार पीठासीन अधिकाऱ्याकडे असतो. त्या दिवशी ती जबाबदारी इंदूरच्या एका सरकारी शाळेतल्या शिक्षिकेकडे होती. धम्मदीना मॅडम. त्यांचे आजोबा महूच्या छावणीत फौजेत होते. मॅडमचं बोलणंही तसंच होतं, मोजकं आणि सरळ.

मोजणी चालू असताना दिवे गेले. थोड्या वेळानं आले. मोजणी पुरी झाली आणि कांताबाई थोड्याशा मतांनी जिंकल्या. आम्ही बाहेर अंगणात उभे होतो. रघुवीरचा चेहरा मी जवळून पाहिला. तो रागावला नव्हता. त्याला खरंच वाटत नव्हतं की आपण हरू शकतो.

दुसऱ्या दिवशी उदयसिंहांनी जयेशला बोलावलं. दिवे गेले होते, एवढं पुरे आहे, असं ते म्हणाले. मॅडमच्या तोंडून तेवढं घेऊन ये.

मॅडमनी आम्हाला घरात घेतलं. त्यांची मुलगी नंदिनी दहावीत होती. तिनं पाणी आणून दिलं. जयेशनं मला मॅडमच्या समोर धरलं आणि विचारलं, मोजणीच्या वेळी दिवे गेले होते का? मॅडम हिंदीत जे बोलल्या ते मी शब्दन् शब्द ऐकलं, तुम्हाला मराठीत सांगतो.

"हां, लाइट गेली होती. पण मी गिनती तिथंच रोखून दिली. मतपत्रिका टेबलावर होत्या तशाच राहू दिल्या. दोन्हीकडच्या एजंटांना टेबलाला लागून उभं केलं, मोबाइलच्या टॉर्च लावल्या आणि लाइट येईपर्यंत कोणालाच हात लावू दिला नाही. रघुवीरजींच्या एजंटला विचारून घ्या, तो माझ्या बाजूलाच होता."

ऑफिसात आल्यावर जयेश बराच वेळ संगणकासमोर बसून राहिला. मनीषनं विचारलं, पूर्ण लावायचं ना? जयेशनं माउस स्वतःकडे ओढला. मग त्यानं स्वतःच्या हातानं ते बोलणं कापलं. त्या संध्याकाळी शहरानं मॅडमना एवढंच म्हणताना पाहिलं: "हां, लाइट गेली होती." मागे भीतीदायक संगीत, पडद्यावर मोठाली अक्षरं, 'अंधेरे में गिनती'. तेवढंच वाक्य पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. आणि त्या प्रत्येक वेळी जयेशच्या हातात मी होतो.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, यात माइकचा काय दोष? मीही स्वतःला हेच समजावलं. माझं बटण माझ्या हातात नाही. पण जे बोलणं मी पुरं ऐकलं होतं, त्याचाच तुकडा लोकांच्या घरी पोचताना मी पाहत होतो. त्या वेळी मला माझ्या चांगल्या आवाजाचा तिटकारा आला.

पुढे रोज कार्यक्रम होऊ लागले. कधी एखादा वकील बोलायचा, कधी गावातला रघुवीरचा माणूस. निकाल रद्द झालाच पाहिजे, असं सगळे म्हणायचे. रघुवीरनं निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. तो त्याचा हक्कच होता. पण सुनावणीची तारीख यायच्या आधीच त्याच्या माणसांनी पंचायतीच्या दाराला आपलं कुलूप घातलं. तहसीलसमोर ट्रॅक्टर आणून उभे केले. अधिकाऱ्यांवर दबाव यावा म्हणून आम्ही ते ट्रॅक्टर वेगवेगळ्या बाजूंनी दाखवत राहिलो. कांताबाईंना पदभार घेता आला नाही. त्यांच्या चक्कीवर दळण घेऊन येणाऱ्या अर्ध्या बायका दुसऱ्या गावाला जाऊ लागल्या.

मॅडमना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवलं. त्यांच्या फाटकावर कोणीतरी खडूनं 'वोट चोर' लिहिलं. ते शूट करायलाही आम्हालाच पाठवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा नंदिनी ओल्या फडक्यानं ते पुसत होती. जयेशकडे तिनं एकदा पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागली. मनीषनं कॅमेरा खाली घेतला. जयेश म्हणाला, चल, आज नको. ऑफिसात त्यांनी सांगितलं की तिथं काही मिळालं नाही.

सुनावणीत फेरमोजणीचा आदेश झाला. दोन्ही बाजूंच्या डोळ्यांदेखत सील तोडलं आणि मतपत्रिका पुन्हा मोजल्या. कांताबाईच जिंकल्या. एक मत उलट त्यांचं वाढलं. रघुवीरच्या एजंटला विचारलं तेव्हा तोही खाली बघत म्हणाला की दिवे गेले तेव्हा मी टेबलापाशीच होतो, कोणी हात लावला नाही. बाहेर येऊन जयेशनं ही सगळी बातमी मला सांगितली. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज हलका वाटला.

ती बातमी लागली नाही. संध्याकाळी उदयसिंहांनी त्याच्यासमोर नवा कागद ठेवला. मतपेटीच बदलली असावी, असा संशय आता व्यक्त करायचा होता. जयेशनं विचारलं, हा संशय कोणाला आहे? उदयसिंह शांतपणे म्हणाले, "आपल्याला आहे. तू बोललास की सगळ्यांना होईल."

जयेश उठला. त्यानं माझ्या गळ्यातला नारिंगी ठोकळा काढून टेबलावर ठेवला. हा माझा माइक आहे, एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला. त्याच्या जागी त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी तो कागद वाचून दाखवला. कार्यक्रम वेळेवर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मॅडमच्या घरी गेला. मी त्याच्या पिशवीत होतो. मॅडमनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. जयेश दारातच बोलत राहिला. पूर्ण वाक्य आपणच कापलं, कोणी हात धरला नव्हता, हेही त्यानं सांगितलं. मग म्हणाला, मला माफ करा.

मॅडमनी दाराची कडी सोडली नाही.

"जयेशजी, माझ्या दारात माफी मागून काय होणार? इथं तर सगळ्यांना मालूम आहे की मी काय केलं. जिथं बोलला होतात ना, तिथं जाऊन बोला."

"आता चॅनल माझं नाही, मॅडम."

"गाव तर आहे," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

सेमलीखेड्याचा हाट, म्हणजे आठवडी बाजार, भरतो त्या दिवशी जयेशनं एक लाउडस्पीकर भाड्यानं घेतला आणि चौकातल्या ओट्यावर मला हातात धरून उभा राहिला. टीव्हीवाला आला म्हणून लोक जमले. मी त्याच्या मुठीत होतो आणि ती मूठ ओली झाली होती. त्यानं मॅडमचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. फेरमोजणीत काय झालं ते सांगितलं. मग म्हणाला की हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कांद्याच्या ढिगामागे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तो टीवी झूठी थी के तू झूठा है, भिया?"

"मी होतो, बाबा," जयेश म्हणाला. घाबरल्यामुळे तो मराठीतच बोलून गेला. मग त्यानं तेच हिंदीत पुन्हा सांगितलं.

तेवढ्यात रघुवीरच्या माणसांनी तार ओढली. मी हातातून निसटून ओट्याच्या कडेवर आपटलो. माझ्या जाळीचा पोचा तो तेव्हाचा. जयेश माझ्याशिवायच बोलत राहिला, पण त्याचा आवाज पुढच्या दोन-तीन रांगांपलीकडे गेला नाही. जे मागे उभे होते, त्यांना एवढंच दिसलं की कोणीतरी भांडतंय. ते आपल्या पिशव्या घेऊन निघून गेले.

पुढे रघुवीरचा अर्ज फेटाळला गेला. पंचायतीचं कुलूप निघालं आणि कांताबाईंनी पदभार घेतला. पण त्या दिवशी अर्धं गाव आलंच नाही. आजही सेमलीखेड्यात तुम्हाला अशी माणसं भेटतील, जी शपथेवर सांगतील की मतं अंधारात बदलली. त्यांनी टीव्हीवर ऐकलंय. म्हणजे माझ्याकडून ऐकलंय. मी त्यांच्या दारोदार जाऊ शकत नाही.

मॅडमवर काही ठपका निघाला नाही. त्या पुन्हा शाळेत रुजू झाल्या. वाहिनीनं त्याबद्दल एक ओळही दाखवली नाही. जयेशला दुसऱ्या वाहिन्यांनी घेतलं नाही. तो आता त्याच्या आतेभावाबरोबर मंडप आणि साउंडचं काम करतो आणि मी त्याच्या पेटीत असतो. उषाताई अजून दसऱ्याला माझी पूजा करतात. त्या हळदकुंकू वाहतात तेव्हा मला नको नको होतं.

परवाच पुन्हा निवडणूक झाली, या वेळी विधानसभेची. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी शहरातल्या मोठ्या मैदानावर सगळे कर्मचारी मतदानाची मशीन आणि सामान घ्यायला जमले होते. साउंडचं काम आमच्याकडे होतं. कोणत्या मतदान दलानं कोणत्या बसमध्ये बसायचं, हे जयेश माझ्यातून पुकारत होता. यादी पुढे सरकत गेली आणि एका नावावर तो अडखळला. मग त्यानं पुकारलं, "पीठासीन अधिकारी, धम्मदीना वानखेडे."

गर्दीतून मॅडम उठल्या. केस पुष्कळ पिकले होते. खांद्याला पिशवी, हातात पाण्याची बाटली. एवढं झाल्यावर त्या पुन्हा या कामाला येतील, असं मला वाटलं नव्हतं. त्या बसकडे न जाता सरळ आमच्या टेबलापाशी आल्या. जयेश उभा राहिला.

"वानखेडे नाही," त्या म्हणाल्या. "वानखडे."

जयेशनं मला तोंडाजवळ घेतलं. मैदानाच्या चारी कोपऱ्यांत आवाज गेला. "दुरुस्ती ऐकावी. पीठासीन अधिकारी धम्मदीना वानखडे. आधी मी नाव चुकीचं पुकारलं होतं. वानखडे."

काही माणसांनी वळून पाहिलं. मॅडमनी मान हलवली आणि त्या बसकडे चालू लागल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माफ केलं की नाही, मला माहीत नाही, आणि ते मला कळायलाच हवं असंही नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या तरी हातात उद्या माझ्यासारखा एखादा माइक येईल. मोबाइल तर आजच आहे. बोलताना माणूस चुकतो, आणि कधी कधी तर जाणूनबुजून चुकतो. तसं झालं तर कोणाच्या दारात जाऊन हळूच पुटपुटू नका. जितक्या जोरानं चुकीचं बोललात, तितक्याच जोरानं, त्याच जागी उभं राहून बरोबर बोला. आणि ते त्याच दिवशी करा. लोक घरी गेले की आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे मी पाहिलं आहे.