कॅनला बांधलेला पेला

"पाणी तुझ्या हातानं भर. फजरची नमाज झाली की, सूर्य वर यायच्या आत, बिस्मिल्ला म्हणून. नळाचं नको, बाटलीतलं तर नकोच. आणि दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नकोस."

नफीसाखाला फोनवर एवढंच बोलली आणि तिला धाप लागली. माझ्या आईची ही धाकटी बहीण. असियूतमध्ये नाईलच्या काठी वाढली आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन वाळवंटापलीकडच्या मरूद्यानात, दाखल्याला गेली. तिथल्या विहिरींचं पाणी लोखंडाच्या चवीचं; पांढरी चादर दोन धुण्यांत विटकरी होते. साठ वर्षं ती ते पाणी प्यायली, कधी तक्रार केली नाही. आता डॉक्टरांनी हात टेकले, दोन-तीन दिवस म्हणाले, तेव्हा तिला नाईलचा एक घोट हवासा झाला. मी आणते म्हटलं. शब्द दिला.

सोमवारी पहाटे नदीच्या पायऱ्या उतरून पाच लिटरचा कॅन भरला. त्याच्या कडीला खालाच्या लहानपणीचा पत्र्याचा पेला दोरीनं बांधला. आईनं तो जपून ठेवला होता, त्यातूनच तिला पाजायचं होतं. सोमवार-गुरुवारचा रोजा मी चुकवत नाही, म्हणून माझ्यासाठी वेगळं पाणी घेतलं नाही.

अड्ड्यावर चौदा माणसं भरल्याशिवाय गाडी हलत नाही. सात वाजता आम्ही नऊ होतो. साडेआठला अकरा, आणि नऊला पुन्हा दहा, कारण एक जण कंटाळून निघून गेला. ड्रायव्हर शाबान दर वेळी पाच मिनिटांत आलोच म्हणून चहाला जाई. मी तसबीहचे मणी ओढत बसले. नंतर माझ्याशेजारच्या जागेवर एक परका पुरुष आला, तेव्हा एका जोडप्याला उठवून, एका म्हातारीला सरकवून सगळी गाडी नव्यानं बसवण्यात आली. तेवढ्यात ते जोडपंच भांडलं.

कॅन टपावर टाका, असं शाबाननं सांगितलं. मी मांडीवर धरते म्हटलं. मुलाच्या नावावरून मला सगळे उम्म वाइल, वाइलची आई, म्हणतात.

"दाखल्याला पाणी नेताय, उम्म वाइल? तिथं तर ते जमिनीतून फुकट वर येतं. पुढच्या खेपेला थोडी वाळूही न्या."

सगळे हसले. साडेदहाला गाडी हलली.

चौकीवर सैनिकानं कॅन उघडायला लावला. वास घेतला. साहेबांना बोलावलं, त्यांनीही घेतला. ते पाणीच आहे, हे ठरायला वीस मिनिटं गेली. पुढे वाटेतल्या खारग्याच्या बऱ्याच अलीकडे टायर फुटला. दुसरा टायर होता, पण जॅक शाबानच्या भावाच्या गाडीत राहिला होता; तोही याच रस्त्यावर गाडी चालवतो. शाबान येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकना हात करत रस्त्यात उभा राहिला. तास गेला. लोकांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या.

जोहरची, दुपारच्या नमाजची वेळ झाली. गाडीच्या सावलीत कॅन ठेवून मी टेकाडामागे गेले. त्या पाण्यानं नमाजआधी हात-तोंड धुण्याचं वुजूसुद्धा केलं नाही; ती खालाची अमानत होती. कोरड्या मातीवर हात टेकवून चेहऱ्यावरून फिरवले आणि नमाजला उभी राहिले.

परत आले तर सगळे कॅनभोवती.

आमच्याकडे सावलीत ठेवलेलं पाणी आणि त्याला बांधलेला पेला, याचा एकच अर्थ होतो. कुणीतरी आपल्या मयताच्या नावानं सबील ठेवली आहे. येईल त्यानं प्यावं आणि मयतासाठी दुआ मागावी. विचारत कुणी नाही. विचारणं म्हणजे ठेवणाऱ्याचा अपमान. नवरा गेल्यावर मीच दारात असा रांजण वर्षभर ठेवला होता. आणि तरी हा पेला मीच बांधला, माझ्याच हातानं.

एका म्हाताऱ्या हाजींनी शेवटचे थेंब पेल्यात झटकले, प्यायले, दाढी पुसली.

"गोड पाणी, बाई. मयताचं नाव काय?"

"नफीसा," तोंडातून निघून गेलं.

तेरा जणांनी हात उचलले आणि नफीसासाठी मयताची फातिहा वाचली. जिवंत नफीसासाठी, जी या क्षणी आपल्या लेकीला, रावयाला, मी कुठवर पोहोचले ते विचारत असेल. मी संतापले होते. ओरडावं कुणावर? एक गरोदर पोर दोन पेले पिऊन पहिल्यांदाच नीट श्वास घेत होती.

"ती जिवंत आहे," मी हळूच म्हटलं, आणि पाणी कुणाचं तेही सांगितलं.

हाजींनी तौबा केली. गरोदर पोर रडायला लागली, तिलाच समजवावं लागलं. शाबान म्हणाला की खारग्यात नळावर कॅन भरू, नाहीतर चांगली बाटली घेऊ.

"म्हातारीला काय कळणार?"

"साठ वर्षं ती ते लोखंडी पाणी प्यायलीय. तिला कळेल. आणि मला तर आत्ताच कळतंय."

फोनला रेंज नव्हती. हाजी म्हणाले की रिकाम्या हातानं जा, पण जा, माणूस डोळ्यांनी दिसणं मोठं. कदाचित त्यांचं बरोबर होतं. पुढे गेले तर संध्याकाळपर्यंत मी तिच्या उशाशी. मागे फिरले तर उद्याची संध्याकाळ, आणि उद्याचं कुणी सांगावं? मी गरम वाळूत उभी राहून खूप वेळ अल्लाहला विचारत राहिले. पण तिनं मला ये म्हटलं नव्हतं. पाणी आण म्हटलं होतं.

एका ट्रकवाल्यानं जॅक दिला. टायर बसत होता तेव्हाच समोरून असियूतकडे जाणारी मायक्रोबस आली. हाजींनी हात केला. तिच्यात एकच जागा रिकामी होती, तीही एका बाईच्या शेजारची. आज पहिल्यांदाच मला थांबावं लागलं नाही.

शाबानला खालाचं घर सांगितलं, मशिदीमागचं निळ्या दाराचं. उद्या येतेय एवढा निरोप रावयाला दे म्हटलं.

"फातिहाचं मात्र बोलू नकोस."

"नाही बोलणार," तो मान खाली घालून म्हणाला. "खारग्यातून भावाला फोन करतो, उम्म वाइल. उद्या सकाळी तो असेल अड्ड्यावर. चौदा झाले नाहीत तरी निघेल."

मी कॅनची दोरी सोडली. पेला ओढणीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला आणि रिकामा कॅन घेऊन रस्ता ओलांडला.