बिनसेलाचा मेंदूपट्टा

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे बाप भिंतीला टेकले आणि आया खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसल्या. व्यासपीठावर पांढऱ्या कोटातला मेंदूगुरू उभा होता. डॉक्टर नसलेल्या माणसाला पांढरा कोट किती खुलून दिसतो, हे त्याच्याकडे पाहून पटत होतं. त्याच्यामागच्या फळ्यावर मुलांचे फोटो होते आणि प्रत्येक फोटोखाली चिकटवलेल्या कागदावर दोन आकडे. डोक्याला बांधायच्या मेंदूपट्ट्याआधीची बुद्धी लाल शाईत, पट्ट्यानंतरची हिरव्या. कुणाच्या घरी कुणाला मूळव्याध आहे हे असं फळ्यावर लावलं असतं, तर याच पालकांनी फळा फोडला असता. आज ते त्याचे फोटो काढत होते.

"पालकहो, तुमचं मूल मंद नाही, त्याचा मेंदू झोपलाय!" गुरू गरजला. "आमचा पट्टा आधी उजवा मेंदू उठवतो. उजवा उठला, की डावा आपोआप जागा होतो!"

टाळ्या. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने खालच्याला हाक मारावी, इतकं ते सोपं होतं.

शेवटच्या रांगेत बसलेल्या मावशीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती सरकारी रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ होती, मुलांच्या चाचण्या घेणं हे तिचं रोजचं काम. भाचीचं कौतुक बघायला ये, म्हणून थोरल्या बहिणीने तिला ओढून आणलं होतं. भाचीला घरात सगळे मुंगी म्हणत. अंगाने एवढीशी आणि सदा कसल्यातरी उद्योगात. फळ्यावर तिच्या फोटोखाली लाल अठ्ठ्याहत्तर आणि हिरवे एकशे बारा होते.

"आता तरी मान," ताई कुजबुजली. "तुमच्या रुग्णालयात होतं का असलं काही?"

"आमच्याकडे असं झालं, तर चौकशी बसते गं ताई."

"तुला ना, मेलं कशाचं कौतुकच नाही."

मावशीचं लक्ष टेबलावरच्या उघड्या पेटीकडे होतं. तेच ठोकळे, तीच चित्रं, झेरॉक्स मारून फिकी पडलेली. तिच्या विभागात ही चाचणी कुलपात असते. इथे ती गुरूच्या 'केंद्राचं स्वतःचं संशोधन' म्हणून सगळ्यांसमोर पसरली होती.

मुख्याध्यापिकाबाईंनी माइक घेतला. "सोमवारपासून मुलांच्या तुकड्या या आकड्यांवरून पडतील."

"आणि पट्टा सोडला, तर मेंदू पुन्हा झोपू शकतो बरं का," गुरूने हसत भर घातली. "पुढच्या वर्गाची नोंदणी दाराशी सुरू आहे."

आया चपला शोधू लागल्या. तेवढ्यात मुंगी रांगांमधून वाट काढत मावशीपाशी आली. पट्टा डोक्यावरच होता, पण मागची बाजू तिने तळव्याने झाकून धरली होती.

"मावशी, पुन्हा मोजणारेत का गं?"

"का? काय झालं?"

मुंगीने हात काढला. सेलच्या खोबणीत काहीच नव्हतं. "पहिल्या दिवसापासून नाहीये. केंद्रातले काका म्हणाले, उद्या आणतो. मग ते विसरले आणि मी बोललेच नाही. त्यांना कळलं तर हिरवा आकडा खोडतील ना? मी खरी अठ्ठ्याहत्तरच आहे ना?"

ताईच्या हातातली पर्स खाली घसरली.

मावशीने पोरीला जवळ घेतलं. "हे सगळ्यांना सांगितलं तर तुला चालेल? नको म्हणालीस, तर मी एक शब्द बोलणार नाही."

मुंगीने पट्टा डोक्यावरून काढला. "मीच सांगते."

ती व्यासपीठावर गेली, पट्टा उलटा धरला आणि म्हणाली, "यात सेल नव्हता. तरी माझे एकशे बारा आले."

पुढच्या रांगेतल्या आया खोबण बघायला वाकल्या. गुरू मात्र तयारीचा होता. "हीच तर किमया! शेजारच्या मुलांच्या पट्ट्यांतली ऊर्जा हिने ओढून घेतली!"

"मग एका पट्ट्यात आख्खा वर्ग भागवा की!" मागून कुणीतरी ओरडलं. "घरटी एक कशाला विकताय?"

हशा पिकला. मावशी पुढे आली आणि मुलांकडे वळली. "दोन्ही वेळा काय विचारलं रे तुम्हाला?"

"तेच!" मुलं एका सुरात म्हणाली.

"आणि मधल्या दिवसांत?"

"त्याच ठोकळ्यांचा सराव!" एक मुलगा उत्साहाने उठला. "पहिल्या चित्रात ना—"

"उत्तर नको सांगूस. ज्या मुलांना ही चाचणी खरंच लागते, त्यांच्यासाठी ती जपून ठेवायची असते."

"पण आकडा तर वाढलाच ना?" एक बाप हटेना.

"पेपर आधी दाखवला, तोच घोकून घेतला आणि पुन्हा तोच दिला. आकडा वाढला नसता, तर मला काळजी वाटली असती."

"आणि अठ्ठ्याहत्तर?" ताईचा आवाज चिरकला.

"मुंगी, पहिल्या वेळी तुला बरं वाटत होतं का?"

"ताप होता. आई म्हणाली, गोळी घे आणि जा, चाचणी चुकवायची नाही."

ताईने पदर तोंडाला लावला.

"चाचणी घेण्याचं शिक्षण कुठे घेतलंत आपण?" मावशीने गुरूला विचारलं. गुरूने घड्याळ पाहिलं. त्याला अचानक दुसऱ्या शाळेतले झोपलेले मेंदू आठवले. कोटाच्या खिशात पट्टे कोंबत तो मागच्या दाराने गेला. पेटी मात्र मावशीने टेबलावरून आधीच उचलली होती.

मग ती मुख्याध्यापिकाबाईंकडे वळली. "बाई, चाचणी हे चांगलं हत्यार आहे. पण ती कोण घेतो, कशासाठी घेतो, पोर त्या दिवशी कसं होतं आणि निकाल कुणाला सांगायचा, एवढं न विचारता घेतली, तर तिच्यात आणि अंगाऱ्यात फरक उरत नाही. अंगारा निदान पुसता येतो. पोराच्या कपाळावरचा आकडा जन्मभर पुसला जात नाही. तुकड्या यावरून पाडू नका."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही पाडणार."

मुंगीने खुर्ची ओढली, वर चढून फळ्यावरून आपला फोटो उतरवला आणि खालचे दोन्ही आकडे फाडले.

"मग मी किती आहे, मावशी?"

"ते अजून कुणी मोजलेलंच नाही, बाळा."

"बरं झालं," मुंगी म्हणाली, आणि शेजारच्या मुलाचा फोटो उतरवायला तिने खुर्ची पुढे सरकवली.