बुंधा वर

“उद्या तो खांब कापतायत,” वासंती स्क्रीनकडे बघतच म्हणाली. “माझ्या शेऱ्यामुळे.”

उर्वीने एका कानातला इअरफोन काढला. “सो टेल देम, मम्मा.”

लॉकडाऊन होता, परदेशातल्या त्यांच्या टार्निट उपनगरातून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती आणि वासंती जेवणाच्या टेबलावर बसून इंग्लंडमधल्या एका शेतघराचे नकाशे काढत होती. चारशे वर्षांचे घर, सगळा सांगाडा लाकडी. मापे आणि फोटो तिकडून येत, नकाशे इकडून जात. अठ्ठावीस वर्षांत तिचा एकही नकाशा दुरुस्तीसाठी परत आला नव्हता, आणि हे ती सगळ्यांना ऐकवत असे.

गेल्या आठवड्यात एका कोपऱ्याचे प्लास्टर निघाले. आतला ओकचा खांब वर जाड, खाली बारीक. चक्क उलटा. चिपळूणला तिचे वडील आबा, म्हणजे दत्तात्रय सुतार, असा खांब कुणाला उभा करू देत नसत. झाड वाढले तसेच घरात उभे राहिले पाहिजे, म्हणून प्रत्येक लाकडाच्या बुंध्याला ते आधी गेरूचा ठिपका देत. वासंतीही नकाशात प्रत्येक खांबाच्या तळाशी लाल ठिपका देई. ऑफिसला ती तिची सही वाटे. या खांबाला तिने बिनधास्त शेरा मारला : नंतर घातलेला, अडाणी काम, काढला तरी चालेल.

आज उरलेल्या तीन कोपऱ्यांचे फोटो आले. तिन्ही खांब उलटे. वरच्या जाड बुंध्यात दोन तुळया एकाच जागी घट्ट बसल्या होत्या. बारीक शेंड्यात त्या मावल्याच नसत्या. अडाणी कोण, ते तिला कळले आणि तिची तिलाच शरम वाटली.

संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, तिने तिथल्या इंजिनिअरला फोन लावला. खांब मूळचा आहे, छप्पर त्यावरच आहे, चूक माझी, एवढेच सांगितले. मग त्याचे ऐकून घेऊन फोन ठेवला.

“फायर केलं?” उर्वीने विचारले.

“नाही. काम थांबवलं. नवीन ड्रॉइंग आजच हवंय म्हणाला.”

हे आबांना दाखवायला हवे होते. ते दोन दिवस भांडले असते आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप चष्मा पुसून फोटो मागून घेतला असता. पण आबा मे महिन्यात गेले. विमाने बंद होती. त्यांना दिलेला अग्नी तिने फोनवर पाहिला. तिला रडू आले, आणि ती तशीच काम करत राहिली.

चारही खांब नव्याने काढून झाले. लाल ठिपक्यांपाशी मात्र तिचा हात थांबला.

“आबा, इथं असंच असतं,” ती हळूच म्हणाली, आणि पहिला ठिपका उचलून वर, तुळईखाली ठेवला. मग दुसरा.